गजावरचा पिवळा टॉवेल

त्या बुधवारी मी खाली बाकावर बसलो होतो. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी बदामाचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा बाक, आणि तिथून दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी समोरच दिसते. गॅलरीच्या ग्रिलच्या आडव्या गजावर पिवळा टॉवेल होता, वर लाकडी चिमटा लावलेला. तो टॉवेल गजावर असला, की आमच्या हॉलमध्ये माझ्या बायकोपाशी, शैलापाशी, एखादं मूल शिकायला आलेलं आहे आणि कोणीही वर जायचं नाही, हा आमच्या घराचा नियम होता आणि एव्हाना सगळ्या इमारतीचाही झाला होता. इस्त्रीवाला, कुरिअरवाली मुलं, वर्गणी मागायला येणारे, सगळे आधी मान वर करून बघत आणि टॉवेल दिसला की जे काय असेल ते माझ्या हातात देऊन जात. मूल निघालं की टॉवेल आत जायचा आणि मग मी वर. त्या दिवशी वेळ टळून गेली तरी टॉवेल तसाच होता. मला शंकासुद्धा आली नाही. लांबलं असेल, म्हणून मी पेपरचं पान उलटलं. तेवढ्यात गॅलरीत प्रणाली आली. प्रणाली म्हणजे त्या दिवशी आलेल्या ओवीची आई. तिनं टॉवेल हातानं बाजूला सारला आणि गजांमधून ओरडली, "काका, वर या! काका, लवकर वर या!" टॉवेल गजावर असताना मला कोणी वर बोलावलं, असं त्याआधी एकदाही झालं नव्हतं. काय झालंय ते तेवढ्यावरूनच मला कळलं.

शैला भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. "मला जरा बरं वाटत नाहीये, तू हिच्याशी खेळ," असं प्रणालीला सांगून ती मागे सरकून टेकली होती म्हणे, आणि मग पुन्हा बोललीच नाही. ओवी तिथंच, तिच्यापासून हातभर अंतरावर, डब्याचं झाकण जमिनीवर भोवऱ्यासारखं फिरवत होती. पाचेक वर्षांची मुलगी, फ्रॉकला राजम्याच्या दाण्यांचा लाल भुसा लागलेला. तिनं वर पाहिलं नाही. शेजारच्या मुलांनी शैलाला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेलं, मी मागे धावलो, घर प्रणालीवर टाकून. ठाण्याच्या रुग्णालयात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. बाकी काय देणार...

याला आता काही आठवडे झाले. मुलगी बंगळुरूहून आली होती, सगळं रीतसर झालं, "बाबा, तिकडे चला" म्हणून आग्रहही झाला आणि मी "बघू" म्हणालो. मी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण शैलाबद्दल जे लोक भेटायला येऊन बोलले, ते सगळं ऐकताना मला सारखं वाटत राहिलं, की ही बाई कोण? फार मोठं कार्य, समर्पण, माऊली... माझी बायको माऊली वगैरे नव्हती. ती चिडकी होती, भाजीत मीठ कमी घालायची आणि तिनं मला कित्येक वर्षं माझ्याच घराबाहेर बसवून ठेवलं. मला ही शैला माहीत आहे, म्हणून लिहितो.

ती मूळची बालवर्गाची शिक्षिका. तिच्या वर्गात एकदा एक मुलगा आला, हाक मारली तर बघायचा नाही, इतर मुलं गाणी म्हणू लागली की कानांवर हात ठेवून बाकाखाली शिरायचा, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण मात्र तासन्‌तास फिरवत बसायचा. शाळेनं महिन्याभरात त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, याला घेऊन जा. वडील मुलाला खांद्यावर टाकून निघाले आणि शैला दप्तर द्यायला फाटकापर्यंत मागे गेली. त्या रात्री ती जेवली नाही. "अहो, मला काहीच माहीत नव्हतं हो," एवढंच परत परत म्हणत होती. "त्याला काय होतंय, मला माहीतच नव्हतं." मग तिनं नोकरी सोडली, ठाण्याला जाऊन विशेष मुलांसाठीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, आणि एक दिवस मी कामावरून आलो तर आमच्या हॉलमधला सोफा गायब! तो बेडरूममध्ये भिंतीला उभा केलेला. हॉलमध्ये सतरंजी, घमेल्यात हात घालून खेळायला राजमा, छताच्या कडीला जुन्या साडीची झोळी आणि सगळ्या बरण्यांची झाकणं एका टोपलीत. मी विचारलं, "आणि बरण्यांचं काय?" तर म्हणाली, "बरण्यांवर वाट्या ठेवल्यात. तुम्हाला काय करायचंय?" अजूनही आमच्या घरातल्या निम्म्या बरण्यांवर वाट्याच आहेत.

अगदी लहान मुलं घ्यायची ती. दोन-अडीच वर्षांची, फार तर तीन-चार. हाकेला ओ न देणारी, बोटानं काही न दाखवणारी, बोलायला लागून मग बोलणं थांबलेली. या वयात हात धरला तर मुलाला पुढची वाट सोपी होते, हे तिचं एकच पालुपद. सर्वांत जास्त ती चिडायची ती "बघू थोडी वाट" या शब्दांवर. घराघरांत कोणी ना कोणी असतंच, "अगो, याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता," म्हणणारं. असं ऐकलं की शैला संध्याकाळभर भांडी आपटायची. "वाट बघायची तर आम्ही बघू ना, रोज त्याच्यासमोर बसून. हे घरी बसून कसली वाट बघतात?" आणि दुसरी चीड, "किती दिवसांत बरा होईल?" या प्रश्नाची. त्यावर मात्र आईबापांसमोर ती आवाज चढवत नसे. "ताप आहे का हा, उतरायला? त्याला हवं ते मागता यावं, नको ते नको म्हणता यावं. आधी तेवढं बघू. मग पुढचं."

टॉवेल कुठून आला ते सांगतो. या मुलांना आवाजाचा, वासाचा, मध्येच कोणी येण्याचा फार त्रास होतो. सुरुवातीला दाराची घंटा वाजली की आतलं सगळं विस्कटायचं. शैलानं आधी घंटा काढून टाकली. मग कुकर सकाळी लावून ठेवायला सुरुवात केली, चार ते सात घरात शिट्टी नाही. उदबत्ती बंद. आणि मग पाळी आली माझी. कारखान्यातून येताना माझ्या कपड्यांना, केसांना एक उग्र वास असायचा. मला तो येत नसे, एवढी सवय झालेली. एकदा मी दार उघडून आत पाऊल टाकलं आणि सतरंजीवरचं पोर भडाभडा ओकलं. शैलानं मला हातानंच थांबवलं. त्यानंतर तिनं गॅलरीत हा टॉवेल लावायला सुरुवात केली. टॉवेल दिसला की खाली थांबायचं. टॉवेल आत गेला की वर यायचं, आधी मोरीत जायचं, मग चहा. "म्हणजे तुझी मुलं सातला सुटणार, आणि मी?" असं मी चिडवायचो. "तुम्हाला सोडवायला तुमची आई आहे की," म्हणायची.

आई तेव्हा आमच्याकडे होती, आणि तिनं केलेली गंमत, म्हणजे आता गंमत म्हणायची, त्या वेळी कोणी हसलं नव्हतं. दिवेलागणीनंतर वाळत घातलेलं बाहेर ठेवायचं नाही, हे आईच्या अंगात मुरलेलं. एका संध्याकाळी उशिरापर्यंत एक मूल होतं. आईनं देवापाशी दिवा लावला, गॅलरीत टॉवेल दिसला, तिनं तो नेहमीच्या सवयीनं काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. खाली गॅसवाला टॉवेल जायची वाटच बघत उभा. त्यानं सिलिंडर पायरीपायरीवर आदळत दुसऱ्या मजल्यावर आणला आणि दारावर थाप मारली. तो मुलगा टेबलाखाली शिरला आणि किंचाळायला लागला, आणि कितीतरी वेळ किंचाळतच राहिला. मला वाटलं आता सासू-सुनेचं वाजणार. पण दुसऱ्या दिवशी शैलानं आईचा पाट गॅलरीच्या दाराशी मांडला. "आई, तुम्ही इथं बसून जप करा. टॉवेल तुमच्या ताब्यात. पण काढायचा तो तुम्ही नाही. मूल येऊन काढेल." मग काय, आई राखणदार झाली. त्यानंतर जिन्यात कोणी मोठ्यानं बोललं तर पहिली "शू" आईची.

'मूल येऊन काढेल' हे त्या दिवशीच ठरलं, आणि मग तीच शैलाची पद्धत झाली. एखादी गोष्ट चालू आहे ती आता थांबणार, हे या मुलांना फार जड जातं. रमलेलं मूल निघताना आकांत करायचं. शैलानं शेवट त्यांच्याच हातात दिला. वेळ झाली की ती झाकणांची टोपली भिंतीशी सरकवायची आणि गॅलरीचं दार उघडायची. मूल आईच्या पाटावर चढायचं, बोटांनी दाबून चिमटा काढायचं, टॉवेल ओढून घ्यायचं आणि शैलाच्या हातात द्यायचं. चिमटा दाबणं हाही बोटांचा व्यायामच. मग ती थांबायची. मुलानं आपल्या परीनं 'संपलं' म्हणायचं. कोणी हात झटकून, कोणी टाळी वाजवून, कोणी नुसतं 'अं' करून. त्यानंतर ती उत्तर द्यायची, "हो, संपलं. आता शुक्रवारी." ज्याचा जो वार असेल तो. हा वार ती कधी खोटा सांगत नसे. ताप आला, पाहुणे आले, मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलं, तरी सांगितलेल्या वारी ती सतरंजीवर असायची. "या मुलांना आपण जे बोलतो ते खरं वाटतं हो," म्हणायची. "मग ते खरं असायला नको?"

आई गेली, पाट तिथंच राहिला. मी निवृत्त झालो, वास गेला, तरी मी खालीच. शैला म्हणाली, "आता वर थांबलात तरी चालेल, आत बेडरूममध्ये बसा." पण मला बाकाची सवय झाली होती आणि तिथं माझीही मंडळी असत. मुलांबरोबर आईला वर जावंच लागे, शैला आयांना समोर बसवून घ्यायची, कारण तिच्या मते खरी शिकवणी घरी, दिवसभर, आईबापांकडूनच व्हायची. पण आजोबा, काका, एखादा अर्धा दिवस रजा काढून आलेला बाप, हे खाली माझ्याजवळ येऊन बसत. फार बोलत नसत. या बाकावर मी जेवढे गप्प पुरुष पाहिले तेवढे कुठे पाहिले नाहीत. मला त्यांना सांगण्यासारखं काही येत नव्हतं. मी पेपरची अर्धी पानं काढून द्यायचो. आणि मग सगळेच वर बघत बसायचो. शेवटी पाटावर चढलेलं एक डोकं गजांमागे दिसायचं, दोन लहान हात, चिमट्याशी झटापट, आणि टॉवेल आत ओढला जायचा. मी इतक्या वर्षांत त्या खोलीतलं एवढंच पाहिलं, खालून. आत काय होतं ते मला रात्री जेवताना कळायचं, नावं न घेता. "आज एकानं माझ्याकडे पाहिलं," ती म्हणायची. "किती वेळ?" "तुम्ही आता पाण्याचा घोट घेतलात ना, तेवढा." आणि मग तिला जेवण जायचं, नाहीतर ताट तसंच पुढे सरकवायची.

ओवी आली तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. प्रणाली विठ्ठलवाडीहून आणायची, बरोबर ओवीचे आजोबा. ते पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसले ते फणफणत. "काही झालं नाही पोरीला. सुनेनं मोबाईल दाखवून ठेवलाय नुसता. आमच्याकडे सगळे उशिराच बोलले. आता हे क्लास लावायचे म्हणे, लोकांना कळलं तर उद्या..." मी पेपर पुढे केला, त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या खेपेला ते तरातरा वर जाऊन अर्ध्या तासात खाली आले आणि मलाच दरडावलं, "अहो, तुमच्या मिसेस खाली बसून स्वतःच झाकण फिरवतायत! आम्ही ते सोडवायला आणलंय पोरीला!" तशीच करायची ती. मूल जे करतं तेच शेजारी बसून, त्याच्याकडे थेट न बघता. दिवसच्या दिवस. मूल झाकण फिरवतंय, तर हीही फिरवते. मूल गोल धावतंय, तर हीही साडी खोचून गोल धावते, गुडघे दुखत असताना. मग कधीतरी मूल थांबून बघतं, ही कोण माझ्यासारखी. "तिच्या खोलीत मी आधी जाते," असं ती प्रणालीला म्हणाली होती, "मग ती माझ्या खोलीत येईल." आजोबांना मी हे सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून ते अगदीच पुस्तकी वाटलं असावं. ते "हं" म्हणाले.

तरी ते येत राहिले. पुष्कळ महिने ओवीच्या बाबतीत खालून एकच दिसायचं, गजांमागे प्रणालीचा हात ओवीच्या हातावर, आणि दोघी मिळून चिमटा काढतायत. मग एका बुधवारी गजांमागे प्रणाली नव्हतीच. नुसतं ओवीचं डोकं. तिनं दोन्ही हातांनी चिमटा दाबला, तो निसटला, खाली आमच्या पायांशी येऊन पडला. तिनं तो कुठं गेला म्हणून खाली पाहिलं. आजोबा चिमटा हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांनी तो वर दाखवला. ओवीनं त्यांच्याकडे बघत गजांतून बोट बाहेर काढलं आणि चिमट्याकडे दाखवलं. बोटानं दाखवणं म्हणजे काय ते मला शैलाच्या संगतीत एवढं कळलं होतं. मला तुला काहीतरी दाखवायचंय, आणि तू तिथं आहेस हे मला ठाऊक आहे. आजोबा खाली बसले आणि त्यांनी माझा पेपर ओढून घेऊन तोंडापुढे धरला. रात्री शैलानं तीन पोळ्या खाल्ल्या. त्यानंतर काही दिवसांनी ओवी टॉवेल देताना "पलं" म्हणायला लागली. तेवढाच शब्द, पण तो तिचा होता, आणि शैला दर वेळी तेवढ्याच आनंदानं उत्तर द्यायची, "हो, संपलं. आता बुधवारी."

आणि मग तो बुधवार.

लोक येऊन गेले, मुलगी परत गेली, आणि घरात मी एकटा राहिलो. एकटं राहणं मला येत नाही, हे स्पष्टच सांगतो. बाकावर एकटं बसता यायचं, कारण वर ती होती. आता मी वर असतो आणि खाली-वर कुठेच कोणी नाही. सकाळीच भात लावतो, दुपारनंतर कुकर लावायला हात धजत नाही. चपलेत पाय घातला तर राजम्याचा दाणा टोचतो. एका रात्री तर मी तो दाणा हातात घेऊन मोठ्यानं रडलो आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झालो, जसं काही आत कोणी मूल आहे. शैलाकडे येणारी मुलं हळूहळू दुसरीकडे जाऊ लागली होती, कोणी ठाण्याला, कोणी कल्याणला, आणि ते बरंच होतं, त्यांना थांबून चालणार नव्हतं. टॉवेल मात्र गजावर तसाच राहिला होता. त्या दिवशी कोणी काढला नाही, आणि पुढे मलाही काढवेना. इमारतीतली माणसं सवयीनं खालूनच बघून परत जात होती. खालच्या मजल्यावरचे जोशी एकदा जिन्यात म्हणाले, "येणार होतो हो बसायला, पण टॉवेल दिसला. कोणी मूल येतं का अजून?" मी काहीतरी पुटपुटलो. खरं म्हणजे मला ते बरंच वाटत होतं. कोणी यायला नको होतं. टॉवेल आहे तोवर आत काहीतरी चालू आहे, अजून आटोपलेलं नाही... असा विचार मी मुद्दाम करत होतो असं नाही, पण तसंच जगत होतो.

मग प्रणालीचा फोन आला. "काका, एक विचारू का? तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू दे." मी म्हटलं, विचार. "ओवी ऐकतच नाहीये हो. बुधवार आला की दुपारपासून पिशवी घेऊन दाराशी बसते. कल्याणच्या नवीन मॅडमकडे नेलं तर आत पाऊल टाकत नाही. सांगितलं मी तिला, ताई वारल्या म्हणून. पण तिला ते..." ते वाक्य सोडून ती पुढे म्हणाली, "त्या दिवशी तिचं संपलंच नव्हतं ना काका. मी तिला तशीच उचलून नेलेली. नवीन मॅडम म्हणाल्या, एकदा तिथं घेऊन जा. नुसतं बसू दे तिला थोडा वेळ. तुम्ही काही करायला नको."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घाबरलो. मला काय येत होतं? मी ते काम फक्त खालून पाहिलेलं. पण त्याहून मोठी भीती मला पुरती कळत होती. ओवी आली की ती टॉवेल काढणार. मग मला ते बोलावं लागणार.

बुधवारी ती आली. पायातले बूट काढून नेहमीच्या जागी, भिंतीला समांतर ठेवले आणि सरळ टोपलीशी गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गुडघे धरत कसाबसा सतरंजीवर बसलो. प्रणाली दाराशी. ओवीनं झाकण फिरवलं. शैला करायची तसं म्हणून मीही एक झाकण उचलून फिरवलं, ते दोन गिरक्या घेऊन आडवं पडलं. ओवीनं ते माझ्या हाताखालून काढून घेतलं आणि टोपलीत परत ठेवून दिलं. मी मग हात मांडीवर ठेवून नुसता बसलो. थोड्या वेळानं ती उठली, शैला त्या दिवशी जिथं टेकली होती त्या भिंतीशी गेली आणि तिथं उभी राहिली. भिंतीवर तळवा ठेवला. काही शोधल्यासारखी खाली सतरंजीकडे बघत राहिली. प्रणालीनं पदर तोंडाशी धरला होता. मीही त्या भिंतीकडे बघत होतो. आम्ही तिघंही एकाच जागेकडे बघत होतो आणि तिथं कोणी नव्हतं.

मग ओवीनं टोपली स्वतःच भिंतीशी सरकवली. वेळ झाली होती. मी उठून गॅलरीचं दार उघडलं. तिनं पाट ओढला, त्यावर चढली, दोन्ही हातांनी चिमटा दाबला. हे सगळं मी इतकी वर्षं खालून पाहिलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिलं. पाठमोरी मुलगी, वर उचललेले हात, टाचा पाटावरून उचललेल्या. टॉवेल निघाला, चिमटा तिनं गजावरच परत अडकवला. बाहेरच्या बाजूनं तो उन्हानं पार विटला होता, आतल्या बाजूनं अजून पिवळाधमक. ओवीनं तो चुरगाळून माझ्या हातांत दिला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले.

"पलं," ती म्हणाली.

आणि थांबली. उत्तराची वाट बघत, टॉवेलकडे नजर लावून. ती तिथून हलणार नव्हती. उत्तर मला माहीत होतं, रोज रात्री जेवताना ऐकलेलं. मी टॉवेलची घडी घालत राहिलो. प्रणालीनं मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शैला असती तर ती थांबली असती, ओवीसाठी थांबायची तशीच माझ्यासाठीही... ओवी थांबली. पोरीला थांबायला तिनंच शिकवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "संपलं."

ती आणखी क्षणभर उभी राहिली, पुढच्या वारासाठी. मी वार सांगितला नाही. खोटा वार या घरात कोणी सांगितलेला नाही. ओवीनं टॉवेलवरची नजर काढली आणि बूट घालायला गेली. पुढच्या आठवड्यात ती कल्याणच्या नवीन मॅडमच्या खोलीत गेली, रडत पण गेली, असं प्रणालीनं नंतर कळवलं.

त्या दिवशी मी दोघींना रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरलो. रिक्षा वळली. पाय आपोआप बाकाकडे गेले, बसलो, आणि सवयीनं वर पाहिलं. गज रिकामा होता. नुसता एक चिमटा त्यावर अडकवलेला. इतकी वर्षं गज रिकामा झाला की त्याचा अर्थ एकच असायचा, या वर, चहा टाकलाय. मी उठलो. दोन मजले चढलो. दारापाशी पोचल्यावर दोन बोटांनी दार हळूच वाजवलं, नेहमीसारखं, आणि उभा राहिलो.

मग खिशातून किल्ली काढली.